तिसऱ्या दिव्याला हरकत

शेवाळे सरांच्या जुन्या हिलमन गाडीला तिसरा ब्रेकलाइट बसवायला घेतला, तेव्हा आधीच्या दोन ब्रेकलाइटांनी हरकत घेतली, आणि हरकत मुदतीत होती.

मुदतीत होती अशासाठी, की शेवटचा स्क्रू अजून मुश्ताकच्या हातात होता. तळकरंजात रिवाज असा आहे, की वस्तूचा शेवटचा स्क्रू पिळला गेला की मग कुणी काही बोलायचं नाही. त्याआधी ज्याला जे म्हणायचं असेल ते म्हणता येतं. पिठाची गिरणी बसवली तेव्हा जुन्या जात्याने तोंड उघडलं ते स्क्रू पिळून झाल्यावर, म्हणून त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. ते जातं अजून गिरणीच्या दारात पालथं पडून आहे आणि लोक त्यावर बसून दळणाची वाट पाहतात.

या सगळ्याला निमित्त झालं एका टँकरचं. मागच्या महिन्यात प्रल्हाद शेवाळे सर आणि त्यांच्या पत्नी शालनताई घाट उतरत असताना दुधाच्या टँकरने हिलमनला मागून धक्का दिला. धक्का मोठा नव्हता. बंपर पोटात गेला, डिकीचं झाकण तिरकं झालं आणि शालनताईंच्या मांडीवरच्या डब्यातले शंकरपाळे टपाला लागून परत खाली आले. टँकरवाला उतरून म्हणाला, "दिवा दिसला न्हाई."

"लागला होता," सर म्हणाले.

"लागला असंल. दिसला न्हाई," टँकरवाला म्हणाला आणि बंपर ओढायला हात लावू लागला.

सरांना ते पटलं. हिलमनचे मागचे दिवे मोसंबीच्या फोडीएवढे. ज्या काळात ती गाडी बनली त्या काळात तिच्यामागून येऊन येऊन बैलगाडीच येणार, आणि बैलाला तेवढा दिवा पुरत असे. शालनताईंनी मात्र त्याच दिवशी पायातल्या चपला दारात काढता काढता जाहीर केलं, की गाडीला मोठा, उंच, आंधळ्यालाही दिसेल असा तिसरा दिवा बसेपर्यंत त्या गाडीत पाय ठेवणार नाहीत आणि लेकीलाही ठेवू देणार नाहीत.

"माझी लेक उदबत्तीच्या भरवशावर घाट उतरायची नाही," त्या म्हणाल्या.

लेक म्हणजे केतकी. तिचं सासर घाटमाथ्यावर, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती तळकरंजला यायची होती. शालनताईंचे वडील भाऊसाहेब जगदाळे यांनी शालनताईंना बाळंतपणाला आणलं ते याच हिलमनमधून. पुढे डोळ्यांना कमी दिसू लागल्यावर त्यांनी गाडीची किल्ली जावयाच्या हातात दिली. तेव्हा केतकीही याच गाडीतून येणार, यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. अडचण एकच होती. सातवा महिना सरत आला होता, आठव्यात प्रवास करायचा नाही, आणि विहीणबाई रोज फोनवर गोड बोलत होत्या. "गाडीचं जमत नसलं तर राहू द्या हो. आमच्याकडं दवाखाना अगदी दाराशी आहे. इथंच होईल सगळं." रविवारी आठवा लागणार होता. तोपर्यंत दिवा बसला नाही तर केतकी सासरीच बाळंत होणार, हे सरांना कळत होतं आणि विहीणबाईंना सरांच्याही आधी कळलं होतं.

म्हणून मंगळवारी सकाळी मुश्ताक मुलाणी आपली पेटी घेऊन आला. तळकरंजातल्या सगळ्या गाड्यांची वायरिंग तोच बघतो. नवा दिवा पुण्याहून आणलेला, नव्या पद्धतीचा, वीतभर लांबीची लाल पट्टी. मुश्ताकने तो मागच्या काचेच्या आत, मधोमध, उंचावर बसवला, तार खालून फिरवून ब्रेकच्या तारेला जोडली, एक स्क्रू हातात ठेवला आणि हाक मारली, "दाबा सर!"

सरांनी ब्रेक दाबला. मागून काही ऐकू आलं नाही.

"लागला का रे?"

"लागला."

"मग गप्प का?"

"तिन्ही लागले, सर. पण जुने दोघं बोलाय लागल्यात."

सर ब्रेक सोडून खाली उतरले आणि मागे गेले. दिवे विझलेले होते आणि अर्थातच गप्प होते. ब्रेकलाइटला जे बोलायचं ते ब्रेक दाबला असतानाच बोलता येतं. वीज नसेल तर तो बोलणार कशाच्या बळावर? सर परत जाऊन बसले, ब्रेक दाबला, आणि मागे पुन्हा बोलणं सुरू झालं. असं तीनचारदा झाल्यावर सरांच्या लक्षात आलं, की जोपर्यंत ब्रेकवर पाय त्यांचा आहे तोपर्यंत दिव्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडणार नाही. गाडी इतकी वर्षं तेच चालवत आले होते. म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या गाडीचे दिवे ना पेटलेले पाहिले होते, ना बोलताना ऐकले होते. ते सगळं मागच्यांच्या वाट्याला आलं होतं.

"काय म्हणतायत?" त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

"हरकत आहे म्हणत्यात," मुश्ताक म्हणाला. "वाटणीचं काढलंय."

"अरे मग समजाव की त्यांना."

"मी वायरमन माणूस, सर. मी भावकीत पडत नाही." मुश्ताकने स्क्रू सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. "हा माझ्यापाशी राहू द्या. निकाल लागला की बोलवा."

स्क्रू खिशात गेला म्हणजे काम थांबलं. त्याला तळकरंजात कुणी अपवाद केलेला नाही.

शालनताई ओट्यावरून हे बघत होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "घरातल्या माणसांना विचारायची सवय नाही, तर दिव्यांना कुठून विचारणार?"

गावातले तंटे कोर्टात जाऊ नयेत म्हणून गावात तंटामुक्ती समिती असते. तळकरंजच्या समितीचे अध्यक्ष तात्या पिसाळ. बांध कोरण्यापासून ते सुनेने परस्पर गॅस बदलण्यापर्यंत त्यांच्यापुढे सगळं येऊन गेलेलं होतं. सर गेले तेव्हा ते अंगणात शेंगा फोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "दिवं आपल्या गावचं हायती का?"

"गाडी भाऊसाहेबांची. ते तिकडचे."

"गाडीचं सोडा. दिवं लागत्यात कुठं?"

"इथंच."

"मग इथलंच झालं. ज्याचा उजेड जिथं पडतो ती त्याची शीव." तात्यांनी शेंगेचं टरफल बाजूला ठेवलं. "शुक्रवारी घ्या. रविवारच्या आत निकाल देऊ. लेकीबाळीचं काम हाय. पण सर, एक सांगतो. ब्रेक कोण दाबणार?"

"मीच दाबीन की."

"तुम्ही पक्षकार. समोरचा नको ते बोलाय लागला आणि तुम्ही पाय काढला तर? साक्षीदाराचं तोंड तुमच्या पायाखाली, आणि सुनावणी म्हणायची? जमत न्हाई. त्रयस्थ पाय लागंल."

त्रयस्थ पाय शोधायला बुधवार गेला. गावात ज्याचं त्याचं कुणाशी तरी नातं होतं. सरांच्या नात्यातला पाय चालेना, शालनताईंच्या माहेरचा पाय चालेना, आणि मुश्ताकचा पाय चालेना, कारण नवा दिवा त्याने आणला होता. शेवटी पोस्टमास्तर सोनटक्केबाईंवर एकमत झालं. त्या मिरजेच्या, बदली होऊन आलेल्या, गावात कुणाच्या ना देण्यात ना घेण्यात.

"उजवा पाय की डावा?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"तुमचं दोन्ही इथले न्हाईत बाई. सोयीचा घ्या."

शुक्रवारी दुपारी हिलमन मारुतीच्या देवळापुढे आणली आणि तिची पाठ समितीकडे करून उभी केली. सोनटक्केबाई पुढे बसल्या, पाय ब्रेकवर ठेवला आणि हातात लोकरीचं विणकाम घेतलं. बॅटरी उतरू नये म्हणून मुश्ताकने ट्रॅक्टरची एक बॅटरी जोडून दिली. समिती सतरंजीवर बसली. वादी, म्हणजे दोन दिवे, समोर होतेच. प्रतिवादी म्हणून सरांना गाडीच्या मागे, बंपरपासून चार पावलांवर उभं केलं.

"दाबा," तात्या म्हणाले.

तिन्ही दिवे लागले, आणि शेवाळे सर जन्मात पहिल्यांदा आपल्या गाडीच्या मागे उभे राहून त्यांच्याकडे बघत राहिले. सरांनी हायस्कूलात चित्रकला शिकवण्यात सगळी नोकरी घालवली होती. त्यांना आधी दिसला तो रंग. उजवा दिवा गेरूच्या जवळचा होता, काहीसा मळका, पण खोल. डावा शेंदरी. दोघे जोडीचे म्हणून इतकी वर्षं ते सांगत आले, आणि दोघांचा लाल एक नव्हता. वरचा नवा दिवा डाळिंबाच्या दाण्यासारखा स्वच्छ होता आणि कुणाकडेही बघत नव्हता.

"बोला," तात्या म्हणाले.

डावा बोलला. त्याचा आवाज किंचित किनरा होता. "ब्रेक एक. तार एक. भाऊसाहेबांच्या काळापासून तिचे दोन वाटे. आता तिसरा वाटा आमच्याच तारेतून काढलाय. आम्हांला विचारलं का? नाही."

"मुश्ताक, ह्यांच्या वाट्याला किती कमी पडंल?"

"काय बी नाही, तात्या. नव्या पद्धतीचा आहे. चिमणीच्या चोचीएवढी वीज खातो."

"आज चोचीएवढी," डावा म्हणाला. सतरंजीवरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरात धाकट्यांनी आधी चोचीएवढंच मागितलेलं होतं.

"आणखी?"

"बसवलाय कुठं बघा. आम्ही बंपरच्या अंगाला, चिखलात. तो काचेआड, उंच. वयानं आम्ही त्याचे आजे. आणि आम्ही पेटायला तोंड उघडतो न उघडतो तोवर हा 'थांबलोय' म्हणून मोकळा. थोरांच्या आधी बोलतो."

हे खरं होतं. जुन्या पद्धतीच्या दिव्याला तापून उजळायला डोळ्याच्या पापणीएवढा वेळ लागतो, आणि नव्याला तेवढाही लागत नाही. तात्यांनी नव्या दिव्याकडे पाहिलं.

"तुमचं काय म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही," नवा दिवा म्हणाला. तो शुद्ध बोलत होता. "जिथे लावाल तिथे लागेन. आधी बोलतो हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही."

"नवी सून अशीच बोलते पहिलं वर्षभर," मागून कुणीतरी बाई म्हणाली.

इथवर सरांना बरं वाटत होतं. वाटणीचा प्रश्न होता, मानाचा होता. दोन्ही सुटण्यासारखे होते. ते पुढे होऊन म्हणाले, "तात्या, मी थोरल्यांची माफी मागतो. विचारायला हवं होतं. पण हे सगळं सुरक्षिततेसाठी आहे. दिवे लहान आहेत, मागच्याला दिसत नाहीत, म्हणून तर टँकर येऊन आदळला."

यावर उजवा दिवा पहिल्यांदा बोलला. तो सावकाश बोलत होता.

"आम्ही लहान आहोत म्हणून दिसलो नाही, असं नाही. आमचं कुणी खरं मानत नाही म्हणून दिसलो नाही."

"म्हणजे?"

"टँकरवाल्याला विचारा."

टँकरवाला बबन शुक्रवारी डेअरीत येतच असे. त्याला बोलावून आणलं. तो हात पुसत आला आणि दिव्यांना बघून त्याने आधी नमस्कार केला.

"बबन, त्या दिवशी दिवा लागला होता का न्हवता?"

"लागला होता की."

"सरांस्नी तर तू दिसला न्हाई म्हणालास."

बबनने सरांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तात्या, तो वरच्या देवीपासूनच लागलेला होता. आख्खा घाट लागलेला होता. लागल्यालाच दिवा परत लागला, तर माणसाला कळावं कसं?"

सोनटक्केबाईंच्या सुयांचा आवाज येत होता.

"घाटाच्या देवीपासून खालच्या नाक्यापर्यंत सरांचा पाय ब्रेकवर असतो," उजवा म्हणाला. "तेवढा वेळ आम्ही 'थांबतोय, थांबतोय' म्हणत येतो आणि गाडी चाललेली असते. बाजारात कोंबडी दिसली की थांबतोय. लांब कुणी शिंकलं की थांबतोय. मागचे लोक पहिल्यांदा थांबतात, दुसऱ्यांदा हसतात, तिसऱ्यांदा बघत नाहीत. गावात आम्ही खोटे ठरलो. वाटणीचं दुःख नाही आम्हांला. वाटा घ्या. पण आता तिसरा आणायचा, उंच बसवायचा, आणि तोही तेच खोटं मोठ्यानं बोलणार. त्याला हरकत आहे."

डावा म्हणाला, "मला वाटणीचंही आहे थोडं." पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सरांचे कान तापले. पाय ब्रेकवर असला म्हणजे मन ठिकाणावर असतं, हे त्यांनी गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. "मी सावध चालवतो," ते म्हणाले. "तळकरंजातल्या एका माणसाने सांगावं, की माझ्यामुळे त्याची गाडी धडकली!"

"न्हाई धडकत, सर," तात्या मऊ आवाजात म्हणाले. "कारण आम्ही दिव्याकडं बघतच न्हाई."

"मग कुठे बघता?"

"मानंकडं."

"कुणाच्या?"

"तुमच्या. तुम्ही खरोखर थांबणार असलात की तुमची मान जरा पुढं जाती. काचेतून दिसती मागून. आख्खं गाव तुमच्या मानंवर ब्रेक दाबतं. एवढं चांगलं बसलंय, की नवीन गाडी शिकणाऱ्याला आधी तुमची मान दावत्यात. बबन परगावचा. त्याला मान ठाऊक न्हाई, म्हणून दिव्यावर राहिला."

सरांनी सतरंजीवरच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळे त्यांचे विद्यार्थी किंवा विद्यार्थ्यांचे बाप. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हांला कोण सांगणार?" मागून किसन टेम्पोवाला म्हणाला. "अर्ध्या गावाला तुम्ही चित्रकलेत ढकलून पास केलंय. माझा मोर तर तुम्हीच काढला होता."

सरांनी शालनताईंकडे पाहिलं. त्या देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या.

"तुलाही माहीत होतं?"

"मी शेजारी बसते, अहो. मला मान दिसत नाही, पाय दिसतो." त्यांनी पदर सारखा केला. "तो गाडीतच ब्रेकवर असतो असं नाही. लग्नाला जायचं म्हटलं की ब्रेक. घराला रंग द्यायचा म्हटलं की ब्रेक. केतकीला स्थळ आलं तेव्हा वर्षभर ब्रेक. मला वाटलं, तिसरा दिवा मोठा असेल, आधी लागेल, तर निदान एकदा आरशात तुमचा तुम्हांला दिसेल."

एवढ्यात उजव्याचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं त्याला गहिवरून आलं. पण बॅटरी उतरली होती. मुश्ताकने दुसरी आणेपर्यंत समितीने चहा घेतला. सोनटक्केबाईंनीही घेतला, पण पाय काढला नाही. सर चहा न घेता बंपरपाशी उभे राहिले. दोन्ही दिवे मंद होत चालले होते, आणि मंद होताना दोघांचा लाल एकसारखा दिसायला लागला होता.

बॅटरी आल्यावर सर थेट उजव्याला म्हणाले, "मग मी काय करू?"

"पाय उचला."

"आणि घाटात?"

"घाट गिअरला सांगा. ते त्याचं काम आहे. तो इतकी वर्षं रिकामा बसून आहे."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटू द्या," उजवा म्हणाला. "भीती वाटली म्हणून थांबू नका. थांबायचं असेल तेव्हा थांबा. मग आम्ही बोलू."

हो म्हणावं तर इतक्या वर्षांचा पाय उचलावा लागणार होता. नाही म्हणावं तर परवा आठवा लागणार होता. शेवटी ते म्हणाले, "उचलतो," आणि आवाज इतका लहान निघाला की तात्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

उरला प्रश्न मानाचा. तो तात्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. "आता थोरल्यांनी ऐका," ते दिव्यांना म्हणाले. "भालदार-चोपदार कुठं उभा असतो? पुढं, उंच्यावर. आधी कोण ओरडतं? चोपदार. म्हणून तो सरकार होतो का? तो आधी ओरडतो, कारण मागनं मोठी माणसं येणार असत्यात. हा पोरगा तुमचा चोपदार. तो 'थांबलोय' म्हणंल, आणि मग तुम्ही म्हणाल. तुमच्या तोंडनं आल्याशिवाय ते खरं न्हाई."

दिव्यांनी आपसांत काही बोलणं केलं. ते बारीक होतं आणि कुणाला ऐकू आलं नाही.

"मान्य," उजवा म्हणाला. डावा म्हणाला, "मला एकदा पुसून घेत जा. चिखल बसतो." तेही मान्य झालं.

"तिसरा दिवा मंजूर," तात्या म्हणाले. मुश्ताकने खिशाचं बटण काढलं, स्क्रू पिळला, आणि त्यानंतर कुणी काही बोललं नाही. सोनटक्केबाईंनी पाय काढला. विणकामाची एक बाही पुरी झाली होती.

शनिवारी सर आणि शालनताई केतकीला आणायला गेले. विहीणबाईंनी गाडीभोवती फेरी मारली, तिसऱ्या दिव्याकडे वर बघितलं आणि म्हणाल्या, "बसवलात म्हणायचा." मग त्यांनी केतकीची ओटी भरली आणि तिला मागच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये बसवलं.

घाट सुरू झाला तसा सरांनी दुसरा गिअर टाकला. गिअर कुरकुरला; त्याला सवय नव्हती. सरांचा पाय ब्रेकच्या वर, पाहुणा खुर्चीच्या कडेवर बसतो तसा, टेकतो न टेकतो असा होता. शालनताई पायाकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली, यावरून त्यांना किती भीती वाटत होती ते सरांना कळलं.

वरच्या देवीपाशी आल्यावर सरांनी नेहमीप्रमाणे मान लववून नमस्कार केला. त्याबरोबर मागून येणाऱ्या तळकरंजच्या दोन जीपा आणि किसनचा टेम्पो करकचून थांबले. हिलमन थांबलीच नव्हती. ती पुढे निघून गेली. त्यांच्या मागे बबनचा टँकर होता. त्याने तिन्ही दिव्यांकडे पाहिलं, ते विझलेले होते, म्हणून तो थांबलेल्यांना वळसा घालून शांतपणे हिलमनच्या मागे लागला.

तिसऱ्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. खऱ्याखुऱ्या, रस्ताभर. सरांनी ब्रेक दाबला.

आपल्या मागे काय झालं ते त्यांना दिसलं नाही आणि ऐकू आलं नाही. फक्त टँकरच्या हवेच्या ब्रेकचा लांबलचक निःश्वास आला. आरशात बघितलं, तर हिलमन आणि टँकर यांच्यामध्ये आणखी दोन म्हशी सहज उभ्या राहतील एवढी जागा होती, आणि त्यातली एक येऊन उभीही राहिली होती.

"बाबा, वरचा दिवा बोलला," केतकी मागून म्हणाली.

"काय म्हणाला?"

"माझ्याकडं पाठ होती ना त्याची. 'थांबलोय' एवढंच कळलं. मग खालचे दोघं काहीतरी म्हणाले. जरा ऐटीत म्हणाले."

म्हशी गेल्या. सरांनी पाय उचलला.

घरी पोचल्यावर शालनताईंनी केतकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तिला आत नेलं. मग दुसरा तुकडा घेऊन त्या परत बाहेर आल्या आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बसा बघू आत. दाबा."

"कशाला?"

"विझलेल्यावरून ओवाळतात का कुणी? दाबा म्हणते ना."

सर जाऊन बसले आणि त्यांनी ब्रेक दाबला. मागे शालनताईंच्या बांगड्या वाजल्या. मग बांगड्या थांबल्या आणि बोलणं सुरू झालं. शालनताईंचा आवाज येत होता. त्यात मध्येच, शब्द न कळणारा पण आज पहिल्यांदाच पुढपर्यंत पोचणारा, गेरूसारखा एक सावकाश आवाज, एक किनरा, आणि एक शुद्ध. एकदा चौघेही हसले.

"काय म्हणतायत?" सरांनी खिडकीतून विचारलं.

"तुमच्याशी नाही बोलत ते. पाय काढू नका."

सरांनी पाय काढला नाही. ऐकू यावं म्हणून त्यांची मान थोडी पुढे गेली. मागून गल्लीत शिरलेला दूधवाला ती मान बघून जागच्या जागी सायकलवरून उतरला, आणि हँडल धरून, काही घाई नसल्यासारखा, उभा राहिला.